मुक्त प्रणाली आणि सावडीचा धर्म

मार्च २०२४ च्या अखेरीस आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपल्या संगणकाच्या कामात एक क्षुल्लक विसंगती आढळली. दूरच्या संगणकात प्रवेश मिळण्यास नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक लागत होता. दुसऱ्या कोणी त्याकडे काणाडोळा केला असता. फ्रॉइंड यांनी कारणाचा माग काढला आणि २९ मार्च रोजी जे उघड केले, त्याने संगणकक्षेत्र हादरले. माहिती संक्षिप्त स्वरूपात साठवणाऱ्या ‘एक्सझेड’ या साध्या आज्ञावलीत कोणीतरी चोरदरवाजा बसवला होता. तो लिनक्सच्या स्थिर आवृत्त्यांत पोहोचला असता, तर जगभरच्या असंख्य सर्व्हरची किल्ली अज्ञात हातांत गेली असती. सुदैवाने डेबियन, फेडोरा आदी वितरणांच्या चाचणी आवृत्त्यांपलीकडे त्याची मजल फारशी गेली नव्हती.

संकट टळले, परंतु त्यातून उभा राहिलेला प्रश्न टळलेला नाही. तो समजून घेण्यासाठी या प्रणालींची घडण ध्यानात घेतली पाहिजे. १९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली. आज्ञावली कोणालाही वापरता यावी, अभ्यासता यावी, सुधारता यावी व दुसऱ्यास देता यावी, हा त्यामागचा आग्रह होता. १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा जगापुढे ठेवला आणि पुढच्याच वर्षी तो ग्नूच्या परवान्याखाली आणला. या परवान्याची अट मार्मिक आहे : सुधारलेली आज्ञावली दुसऱ्यास देणाऱ्याने स्वतःला मिळालेले स्वातंत्र्यही त्याच्या हाती सोपवले पाहिजे. १९९३ मध्ये सुरू झालेल्या डेबियनने तर १९९७ साली आपल्या वापरकर्त्यांशी एक ‘सामाजिक करार’च जाहीर केला. दोष लपवले जाणार नाहीत, हे त्यातील एक वचन. या प्रकल्पाचा प्रमुख दरवर्षी सभासदांच्या मतदानाने निवडला जातो आणि त्या पदाला वेतन नाही.

अशा पायावर उभी राहिलेली इमारत आज केवढी झाली आहे! नोव्हेंबर २०१७ पासून जगातील सर्वांत वेगवान पाचशे महासंगणकांच्या यादीतील प्रत्येक संगणक लिनक्सवर चालत आला आहे. कोट्यवधी लोकांच्या हातातील अँड्रॉइड फोनचा गाभाही लिनक्सचाच आहे. ज्यांनी लिनक्सचे नावही ऐकलेले नाही, तेही दिवसातून अनेकदा त्याची सेवा घेत असतात.

विश्वासाचा घात

‘एक्सझेड’चे सारे ओझे वर्षानुवर्षे जवळजवळ एकाच माणसाच्या खांद्यावर होते. हे आपले विनावेतन छंदाचे काम आहे, असे त्याने २०२२ साली जाहीरपणे सांगितले होते. तरीही काम मंद चालल्याच्या तक्रारींचा भडिमार झाला आणि दुसऱ्या कोणाला तरी सोबत घ्यावे असा तगादा लागला. त्याच सुमारास एक अनोळखी साहाय्यक निष्ठेने मदत करीत होता. कालांतराने त्याच्या हाती अधिकार आले आणि त्यानेच घात केला. तक्रार करणारी नावेही त्याच कटातली असावीत, असा जाणकारांचा संशय आहे. कुलूप फोडण्याची गरजच पडली नाही; थकलेल्या राखणदाराला मदतीची असलेली निकड पुरेशी ठरली.

दोष मोकळेपणाचा?

यावरून, सर्वांना उघडी असलेली आज्ञावलीच धोक्याची, असा निष्कर्ष कोणी काढील. तो घाईचा ठरेल. फ्रॉइंड हे ‘एक्सझेड’चे कोणी नव्हते. केवळ आज्ञावली खुली होती म्हणूनच त्यांना तिचा तळ गाठता आला. बंद कपाटातील आज्ञावलीबाबत बाहेरच्या माणसाला शंकेपलीकडे जाणे अवघड झाले असते. मात्र हेही मान्य केले पाहिजे की, सर्वांना पाहता येणे आणि कोणीतरी खरोखर पाहणे यांत अंतर आहे. २०१४ साली ‘ओपनएसएसएल’ या आज्ञावलीतील ‘हार्टब्लीड’ हा दोष उघडकीस आला, तेव्हा तो दोन वर्षे सर्वांच्या डोळ्यांसमोर होता.

लिनक्सच्या गाभ्यात भर घालणारे बहुसंख्य लोक आज मोठ्या कंपन्यांचे पगारी नोकर आहेत, हे खरे. परंतु पैसा गाभ्याकडे वाहतो. कडेच्या लहानसहान आज्ञावलींकडे कोणी वळून पाहत नाही, आणि इमारत तर त्यांच्यावरही टेकलेली असते. जर्मन सरकारने २०२२ मध्ये ‘सॉव्हरिन टेक फंड’ सुरू करून अशा पायाभूत कामांना सार्वजनिक पैसा देण्यास आरंभ केला. हा उपकार नव्हे, रास्त देखभालखर्च आहे.

सावडीचा धर्म

भारतालाही या प्रश्नापासून अलिप्त राहता येणार नाही. केंद्र सरकारने २०१५ मध्ये मुक्तस्रोत आज्ञावलींना प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. ‘सी-डॅक’ने ‘बॉस’ ही लिनक्सवर आधारित प्रणाली तयार केली. केरळच्या शाळांतील मुले अनेक वर्षे मुक्त प्रणालींवरच संगणक शिकत आली आहेत. परंतु परवान्याचा खर्च वाचला, एवढ्याच समाधानावर धोरण थांबत असेल तर ते अपुरे आहे. वाचलेल्या पैशातला काही हिस्सा देखभालीकडे वळवणे, हे सरकारचे आणि नफा कमावणाऱ्या कंपन्यांचे पहिले कर्तव्य ठरते.

सामान्य वापरकर्त्यालाही वाटा उचलता येतो. त्यासाठी आज्ञावली लिहिता आलीच पाहिजे असे नाही. आढळलेला दोष नीट शब्दांत कळवणे, नवशिक्यासाठी माहिती लिहिणे, ही कामे शिक्षक, कारकून, विद्यार्थी यांच्या आवाक्यातली आहेत. या प्रणाली मराठीतून बोलू लागल्या त्या बऱ्याच अंशी स्वयंसेवकांच्या कष्टातून. ते हात थोडे आहेत आणि काम न संपणारे आहे.

महाराष्ट्रातील शेतकऱ्याला सावड ठाऊक आहे. आज याच्या रानात, उद्या त्याच्या रानात सर्वांनी मिळून राबायचे. पैशाची देवघेव नाही, पण कोणी काही फुकटही घेत नाही. जो नेहमी बोलावतो आणि कधीच जात नाही, त्याची सावड मोडते. मुक्त प्रणालींचा व्यवहार याहून वेगळा नाही. त्या वापरण्याची मुभा सर्वांना आहे आणि तशीच ती राहिली पाहिजे. मात्र एकट्या माणसाने राखलेल्या रानातून जगाने पीक नेत राहायचे आणि बांधावर कोणी फिरकायचे नाही, हा प्रकार फार काळ चालणार नाही. पुढच्या वेळी तो अर्धा सेकंद कोणाच्या तरी लक्षात येईलच, अशी हमी कोणीही देऊ शकत नाही.