सुई टोचून घेण्यापूर्वी



जव्हारला आलेला पाहुणा शिरपामाळ पाहिल्याशिवाय सहसा परतत नाही. १६६४ साली सुरतेकडे निघालेल्या शिवाजी महाराजांचा मुक्काम या माळावर पडला आणि जव्हारचे राजे विक्रमशहा यांनी शिरपेच अर्पून त्यांचा सन्मान केला, असे येथे सांगतात. गतवर्षी आमच्या सौभाग्यवती या माळाच्या अर्ध्या वाटेवरच थांबल्या. गुडघ्यांनी पुढे जाण्यास नकार दिला. सामायिकासाठी खाली बसणे त्याआधीच सुटले होते. शस्त्रक्रियेची घाई नको, परंतु वेदनाशामक गोळ्याही फार दिवस नकोत, असे डॉक्टरांनी सांगितले. तेव्हा नातलगांपैकी कोणीतरी ॲक्युपंक्चरचे नाव काढले. त्या निमित्ताने केलेला अभ्यास आपल्यापुढे ठेवतो.

ही पद्धती चीनमध्ये दोन हजार वर्षांहून अधिक काळ चालत आली आहे. भारतात ती रुजली त्या कथेशी महाराष्ट्राचाही धागा आहे. १९३८ साली चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. १९४२ साली तेथेच त्यांचे देहावसान झाले. त्याच पथकातील डॉ. बिजयकुमार बसू पुढे पुन्हा चीनला गेले, ही विद्या शिकले आणि त्यांनी ती कोलकात्यात आणली.

उपचार असा असतो. केसासारख्या बारीक, पोकळी नसलेल्या सुया ठरावीक बिंदूंवर टोचून वीस ते तीस मिनिटे ठेवतात. सुईतून कोणतेही औषध शरीरात जात नाही. टोचताना किंचित चुणचुण होते, नंतर जडपणा जाणवतो. शरीरातील ‘ची’ नामक प्राणशक्तीचा प्रवाह सुरळीत होतो, ही परंपरेची मांडणी. सुईमुळे मज्जातंतू चेतवले जातात आणि शरीर स्वतःच वेदनाशामक द्रव्ये सोडते, ही आधुनिक मांडणी.

गुण येतो का? २०१८ साली ३९ चाचण्यांतील वीस हजारांहून अधिक रुग्णांची माहिती एकत्र तपासण्यात आली. पाठ, मान, गुडघे यांचे जुने दुखणे आणि डोकेदुखी यांत उपचार न घेणाऱ्यांपेक्षा घेणाऱ्यांना स्पष्ट आराम आढळला. मात्र खोट्या, नावापुरत्या टोचणीशी तुलना केली असता फरक थोडाच उरला. म्हणूनच गुडघ्याच्या झिजेबाबत जाणकारांत मतभेद आहेत. अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संस्थेने २०१९ साली या उपचाराची सशर्त शिफारस केली, तर ब्रिटनच्या आरोग्य मार्गदर्शक संस्थेने २०२२ साली झिजेसाठी तो देऊ नये असे सांगितले. अनेकांत म्हणजे सर्वच मते सारखी खरी मानणे नव्हे. कोणते मत कोणत्या अपेक्षेने मांडले आहे, हे पाहणे होय. एकाने धोका अल्प असल्याचे पाहिले, दुसऱ्याने खऱ्या व खोट्या सुईतील अंतर पाहिले. आपण एवढे घ्यावे की वेदना कमी होऊ शकते, पण झिजलेली कूर्चा भरून येत नाही. कर्करोग, मधुमेह, हृदयविकार यांवर हा पर्यायी उपचार नव्हे. चालू गोळ्या बंद करा असे सांगणाऱ्याकडे पुन्हा पाऊल टाकू नये.

प्रथम निदान करून घ्यावे. पायात बधिरपणा, ताप, अकारण वजन घटणे किंवा लघवीवरील ताबा सुटणे ही लक्षणे असल्यास आधी डॉक्टरच गाठावेत. त्यानंतर उपचारकाची नोंदणी पाहावी. महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी २०१५ चा स्वतंत्र अधिनियम आहे आणि त्यानुसार स्थापन झालेल्या परिषदेकडे उपचारकांची नोंदणी होते. खाते उघडताना कागदपत्रे तपासतो, मग शरीर सोपवताना संकोच कसला? सुया निर्जंतुक, आपल्यासमोर उघडलेल्या आणि एकदाच वापरून टाकल्या जाणाऱ्या असाव्यात. रक्त पातळ करणारी गोळी, पेसमेकर किंवा गर्भारपण असल्यास आधीच सांगावे. छातीवर खोल सुई गेल्यास फुप्फुसाला इजा होऊ शकते. असे क्वचितच घडते, पण म्हणूनच शिकलेला हात हवा.

आपल्या समाजासाठी दोन गोष्टी विशेष. रिकाम्या पोटी सुया टोचल्यास भोवळ येऊ शकते. म्हणून उपवास, आयंबिल, वर्षीतप चालू असताना हा उपचार पुढे ढकलावा किंवा उपचारकाला तपाची स्पष्ट कल्पना द्यावी. चौविहार पाळणाऱ्यांनी दुपारची वेळ घ्यावी, म्हणजे नंतर पाणी घेता येते. दुसरे असे की सोबत चिनी औषधे सुचवल्यास घटक विचारावेत, कारण त्यांपैकी काहींत प्राणिज द्रव्ये असतात.

शेवटी जमाखर्च. जव्हारहून मोखाडा, त्र्यंबकमार्गे नाशिक सुमारे ८० किलोमीटर. घाटातील वळणे सोसून जाऊन येण्यात जवळजवळ दिवस जातो आणि दुखऱ्या गुडघ्याला तो प्रवासही मोजावा लागतो. म्हणून आम्ही आरंभीच ठरवले की सहा बैठका घ्यायच्या, रोज रात्री वेदनेला दहापैकी गुण द्यायचे आणि सहाव्या बैठकीनंतर वही उघडायची. सातवर असलेली वेदना पाचवर आली. रात्रीची झोप सुधारली, परंतु मांडी घालून बसणे जमले नाही. त्याच काळात मांडीच्या स्नायूंचे व्यायामही चालू होते. त्यामुळे श्रेय कोणाचे, हे वही सांगू शकत नाही. बैठका थांबवल्या, व्यायाम चालू ठेवले.

सामायिक आता खुर्चीवर होते. प्रारंभी त्यांना ते उणेपणाचे वाटले, परंतु समभाव आसनावर अवलंबून नसतो, असे आता त्याच म्हणतात. मागील रविवारी शिरपामाळावर आम्ही दोनदा थांबलो, पण वर पोहोचलो.