‘जादा’ कर ठरविणार कोण?

परदेशी भागधारकाला जाणाऱ्या लाभांशावर कर पाच टक्के कापावा की दहा टक्के, हा वाद वकिलांचा आणि हिशेबनिसांचा आहे. चळवळीने त्यात डोके घालण्याचे कारण नाही, असे आपल्या पुष्कळ कार्यकर्त्यांना वाटते. ही समजूत भांडवलदारांच्या फार सोयीची आहे. एस. टी. चे भाडे वाढले की आपण रस्त्यावर येतो, आणि ते योग्यच आहे. पण सरकारी तिजोरीतला पैसा एखाद्या कराराच्या जोडपत्रातील अर्ध्या वाक्यावरून परत मागितला जातो, तेव्हा आपल्याला त्याचा पत्ताही नसतो. तिजोरीला पडलेले भोक कोठे आहे हे न पाहता तिजोरी रिकामी का, असे विचारण्यात अर्थ नाही.

आधी व्यवहार समजून घेऊ. एखाद्या देशातील कंपनीला नफा होतो. तो तेथील कामगारांच्या श्रमातून, तेथील ग्राहकांच्या पैशातून आणि तेथील रस्ते, वीज, पाणी व न्यायालये यांच्या आधारावर होतो. या नफ्याचा जो हिस्सा लाभांश म्हणून परदेशी भागधारकाकडे जातो, त्यातून कंपनी आधीच कर कापते व सरकारात भरते. ही उगमस्थानी करकपात. पुढे भागधारकाचा स्वतःचा देशही त्याच उत्पन्नावर कर मागतो. एकाच उत्पन्नावर दोनदा कर पडू नये म्हणून दोन देश करार करतात आणि उगमाच्या देशाने किती टक्क्यांपर्यंत कर घ्यावा याची मर्यादा घालतात. मर्यादेहून अधिक कापले गेले ते ‘जादा’. ते परत मागता येते.

अशा परताव्याला आमचा तत्त्वतः विरोध नाही, हे आरंभीच स्पष्ट केले पाहिजे. पुण्या-मुंबईकडच्या ज्या नोकरदारांना परदेशी मूळ कंपनीचे भाग मिळतात, त्यांचाच अनुभव घ्या. जर्मनी लाभांशावर अधिभारासह २६.३७५ टक्के कर कापते. भारत-जर्मनी करारातील मर्यादा दहा टक्क्यांची. आपले प्राप्तिकर खाते वजावट देते ती करारातील दरापुरतीच. म्हणजे शंभर रुपयांमागे सोळा रुपयांहून अधिक रक्कम बॉनच्या कर कार्यालयाकडे अर्ज केल्याखेरीज हाती लागत नाही. त्यासाठी भारतातील निवासाचा दाखला हवा, लाभांशाचे प्रमाणपत्र हवे, आणि मग वाट पाहण्याची तयारी हवी. स्वित्झर्लंडमध्ये तर कपातच पस्तीस टक्क्यांची आहे. करारातील दहा वजा जाता पंचवीस टक्के परत मागावे लागतात. रक्कम लहान, सल्लागाराची फी मोठी. तेव्हा लहान माणूस नाद सोडून देतो. त्याचा हा पैसा हक्काचा आहे आणि तो त्याला विनाविलंब मिळाला पाहिजे.

परंतु येथे दर निर्विवाद आहे. अडचण फक्त कार्यालयीन दिरंगाईची आहे. दरच वादात पडतो आणि मागणारी बहुराष्ट्रीय कंपनी असते, तेव्हा प्रश्नाचे स्वरूप पालटते. मग ‘जादा’ या साध्या शब्दामागे प्रश्न उभा राहतो तो सार्वभौमत्वाचा. याचे उदाहरण आपल्याच देशात घडले आहे.

भारताने नेदरलँड्सशी १९८८ मध्ये, फ्रान्सशी १९९२ मध्ये आणि स्वित्झर्लंडशी १९९४ मध्ये करार केले. या करारांच्या जोडपत्रांत ‘सर्वाधिक पसंतीच्या राष्ट्रा’चे कलम आहे. त्याचा आशय असा : आर्थिक सहकार्य व विकास संघटनेचा, म्हणजे धनिक राष्ट्रांच्या मंडळाचा, सदस्य असलेल्या एखाद्या तिसऱ्या देशाला भारताने पुढे कमी दर दिला, तर तो यांनाही लागू व्हावा. भारताने २००३ मध्ये स्लोव्हेनियाशी आणि २०११ मध्ये लिथुआनिया व कोलंबियाशी करार केले आणि त्यांत लाभांशावर पाच टक्क्यांचा दर मान्य केला. हे तिन्ही देश त्या वेळी त्या मंडळाचे सदस्य नव्हते. स्लोव्हेनिया २०१० मध्ये, लिथुआनिया २०१८ मध्ये आणि कोलंबिया २०२० मध्ये सदस्य झाला.

भारतात २०२० पर्यंत लाभांशावरचा कर वाटप करणारी कंपनीच भरीत असे. त्या वर्षी तो रद्द होऊन कर भागधारकाच्या माथी आला. अनिवासी भागधारकासाठी कायद्यातील दर अधिभार सोडून वीस टक्के. या तीन करारांखाली दहा. लगेच परदेशी कंपन्यांना जुन्या कलमाची आठवण झाली. स्लोव्हेनिया आता मंडळात आला आहे, तेव्हा आम्हालाही पाचच टक्के लावा, असा दावा त्यांनी मांडला. सोयरीक स्लोव्हेनियाशी, मानपान मात्र नेदरलँड्सला! एप्रिल २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने हा दावा मान्य केला. ऑगस्ट २०२१ मध्ये स्वित्झर्लंडने आपल्यापुरता तोच अर्थ परस्पर जाहीर केला. शंभर कोटींच्या लाभांशावर सरकारजमा होणाऱ्या दहा कोटींपैकी पाच कोटी एकाएकी ‘जादा’ ठरले. दर कमी करण्याचा निर्णय ना संसदेने घेतला होता, ना मंत्रिमंडळाने. पॅरिसमधील एका मंडळाने नवे सदस्य घेतले आणि भारताचा कर निम्म्यावर आला, असा हा न्याय होता.

१९ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नेस्ले व इतर कंपन्यांच्या प्रकरणांत हा अर्थ अमान्य केला. न्यायमूर्ती एस. रवींद्र भट आणि न्यायमूर्ती दीपांकर दत्ता यांच्या पीठाने दोन गोष्टी सांगितल्या. तिसरा देश भारताशी करार होताना त्या मंडळाचा सदस्य असला पाहिजे; मागाहून झालेला चालणार नाही. आणि दुसरी अधिक महत्त्वाची : करारातील असे कलम आपोआप कायदा बनत नाही, १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम ९० खाली अधिसूचना निघाल्यावाचून सवलतीचा दर लागू होत नाही. २०२५ च्या नव्या प्राप्तिकर कायद्यानेही अधिसूचनेची ही वाट कायम ठेवली आहे.

निर्णयानंतर अपेक्षेप्रमाणे ओरड झाली. भारत शब्द पाळत नाही, आता गुंतवणूक आटेल, असे सांगण्यात आले. स्वित्झर्लंडने डिसेंबर २०२४ मध्ये हे कलम स्थगित केल्याचे घोषित केले आणि १ जानेवारी २०२५ पासून भारतीय भागधारकांच्या लाभांशावर पाचऐवजी दहा टक्के धरले. हे प्रत्युत्तर आपण मोकळ्या मनाने स्वीकारावे. त्याचा भार तेथे भांडवल गुंतविलेल्या भारतीय कंपन्यांवर पडेल. पण दोन्ही देशांनी ठरविलेला दर दहाच होता आणि दोन्हीकडे दहाच राहिला, यात अन्याय कोठे झाला? शब्द मोडल्याचा आरोपही टिकत नाही. यापूर्वी अशा कलमाखाली नेदरलँड्स व फ्रान्स यांना सवलती दिल्या गेल्या, त्या रीतसर अधिसूचना काढूनच. ही प्रथा सर्वांना ठाऊक होती.

दोष सरकारचाही आहे, आणि तो झाकण्याचे काम आपले नव्हे. असली मोघम कलमे लिहून कोणी दिली? पुढे स्लोव्हेनियाला पाच टक्के देताना जुन्या करारांची कागदपत्रे कोणी उघडून पाहिली होती काय? कर मंडळाचे स्पष्टीकरण आले ते फेब्रुवारी २०२२ मध्ये, म्हणजे कंपन्या उच्च न्यायालयात जिंकल्यानंतर. अशा करारांसाठी संसदेची पूर्वसंमती लागत नाही. सरकार सही करते आणि राजपत्रात अधिसूचना येते. जो कर लोकप्रतिनिधींच्या मताने बसतो, तो त्यांना न विचारता निम्मा होऊ शकतो, ही लोकशाहीतील उणीव आहे.

मुळात या करारांचा साचाच भांडवल निर्यात करणाऱ्या देशांनी घडविलेला आहे. राष्ट्रसंघाच्या काळापासून चाललेल्या या खटाटोपातून १९६३ मध्ये धनिक राष्ट्रांच्या मंडळाचा नमुना करार पुढे आला. त्याचा कल उगमाच्या देशाचा हात आखडण्याकडे आणि मालकाच्या देशाचा हात मोकळा ठेवण्याकडे. संयुक्त राष्ट्रांचा नमुना १९८० मध्ये आला. त्याने उगमाच्या देशाला थोडी अधिक जागा दिली. म्हणजे पाच की दहा हा आकडा कोठल्या निसर्गनियमाने ठरलेला नाही. तो दोन देशांच्या बळाबळातून ठरतो. दहा टक्के ‘जादा’ आहेत असे कोणी म्हणाले, तर कोणाच्या हिशेबाने, एवढे तरी आपण विचारले पाहिजे.

परताव्याचे दार सैल ठेवले की काय होते, हे युरोपने पाहिले आहे. लाभांशाच्या तारखेच्या आगेमागे भागांची अशी फिरवाफिरव करायची की एकदाच कापलेल्या, किंवा मुळीच न भरलेल्या, कराचा परतावा अनेकांनी मागावा, हा तेथे वर्षानुवर्षे चाललेला धंदा होता. डेन्मार्कच्या कर खात्याने २०१२ ते २०१५ या काळात अशा मागण्यांपोटी १२.७ अब्ज क्रोनर वाटून टाकले. जर्मनीच्या सर्वोच्च फेडरल न्यायालयाने जुलै २०२१ मध्ये हा प्रकार गुन्हाच आहे असा निर्वाळा दिला. जो कर कधी भरलाच नाही तो परत घेणाऱ्याला साहेब म्हणायचे, आणि शिधापत्रिकेवर एक नाव अधिक निघाले तर त्या बाईला चोर म्हणायचे, ही या व्यवस्थेची नीती आहे.

तेव्हा आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. प्रत्येक करकरार आणि त्याचे जोडपत्र सही होण्यापूर्वी संसदेपुढे चर्चेला यावे. सर्वाधिक पसंतीची कलमे फेरवाटाघाटीत काढून टाकावीत. कोणाला सवलत द्यायचीच असेल तर ती नाव घेऊन, कारण सांगून द्यावी. परदेशी कंपन्यांना करारांखाली किती परतावा दिला, याचा देशवार हिशेब दरवर्षी प्रसिद्ध करावा. लहान भागधारकाचा निर्विवाद परतावा सोप्या अर्जावर व ठरल्या मुदतीत मिळावा, यासाठी सरकारने इतर देशांकडे आग्रह धरावा. आणि संयुक्त राष्ट्रांच्या विद्यमाने जागतिक करकराराच्या ज्या वाटाघाटी २०२५ पासून सुरू झाल्या आहेत, त्यांत उगमाच्या देशांचा हक्क वाढावा म्हणून भारताने आफ्रिकी देशांच्या खांद्याला खांदा लावून उभे राहावे.

अभ्यासमंडळात हा विषय घेणे कंटाळवाणे वाटेल. पण सर्वोच्च न्यायालयात जो वाद झाला, तो अखेर ‘सदस्य असलेला’ या दोन शब्दांचा अर्थ काय एवढ्यावर झाला. कंपन्यांनी ते दोन शब्द शोधून काढले, कारण त्यांच्या पदरी ते वाचणारी माणसे आहेत. आपणही वाचणारी माणसे तयार केली पाहिजेत. शाळेचा पगार, दवाखान्याचे औषध आणि दुष्काळी कामावरची मजुरी यांना पैसा नाही असे सरकार पुन्हा सांगेल, तेव्हा परतावा म्हणून किती गेला आणि तो कोणाच्या संमतीने गेला, हा प्रश्न आकड्यांनिशी विचारता यावयास हवा.