विषाला आरोग्याचा मुलामा

व्यापाऱ्याने माल विकावा यात गैर काही नाही. पण रोगाच्या भीतीचेच भांडवल करून रोग विकावा, हा निलाजरेपणाचा कळस होय. १९५० च्या सुमारास धूम्रपान व फुफ्फुसाचा कर्करोग यांचा संबंध संशोधकांनी उघड केला. तेव्हा अमेरिकेतील सिगारेट कंपन्यांनी धंदा आवरला नाही. सिगारेटला ‘फिल्टर’ जोडला. १९५२ साली आलेल्या ‘केंट’चा ‘मायक्रोनाइट’ फिल्टर आरोग्याचा रक्षक म्हणून गाजविण्यात आला. १९५६ पर्यंत त्या फिल्टरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस होते! पुढे ‘लाइट’, ‘माइल्ड’ ही सोज्वळ नावे आली. यंत्राच्या मोजणीत टार कमी भरे. माणूस मात्र झुरका अधिक खोल ओढी आणि हिशेब पुरा करी.

ही परदेशची जुनी कथा म्हणून सोडून देता येणार नाही. गोव्याने धूम्रपानविरोधी कायदा १९९७ सालीच केला. २००३ च्या केंद्रीय कायद्याने तंबाखूच्या जाहिरातींना मज्जाव केला. तरीही तंबाखूच्या मालाची नाममुद्रा आज वेलचीच्या पुडीवर मिरवते आणि पडद्यावरचे पिळदार नायक ती हसत पुढे करतात.

सरकारने ही पळवाट बुजविलीच पाहिजे. पण घरच्या कर्त्या पुरुषांनीही एक खूणगाठ बांधावी: ज्या घातक मालाला आरोग्याचा मुखवटा चढवावा लागतो, त्याचा खरा चेहरा विकणाऱ्याला पुरता ठाऊक असतो. आमच्या पेजेला आणि शहाळ्याला असा मुखवटा कधी लागला नाही.