सहलीचा ऋतू कोणता? जुन्नर-आंबेगावच्या निमित्ताने काही विचार

श्रावण जवळ आला की दवाखान्यात औषधाच्या प्रश्नांबरोबर आणखी एक प्रश्न हमखास विचारला जातो. 'वैद्यराज, भीमाशंकरला जायचे आहे, आता जावे की थंडीत?' परदेशी स्थायिक झालेली मुले सुटीत घरी येणार असली की त्यांचे आईवडीलही हेच विचारतात. आपला देश उष्ण, भरपूर सूर्यप्रकाशाचा; तेव्हा बाहेरून येणाऱ्यास कोणता काळ सुखाचा, हे वैद्याने सांगावे अशी त्यांची अपेक्षा असते. आपण बहुधा 'कधीही जा, फक्त जपून' असे उत्तर देऊन मोकळे होतो. ज्या शास्त्राने ऋतुचर्येस स्वतंत्र अध्याय दिला, त्या शास्त्राच्या उपासकांनी असे मोघम उत्तर देणे उचित नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याहून खेदाची बाब अशी की, आपल्या वनौषधी-दर्शन सहलीसुद्धा आपण नेमक्या आषाढ-श्रावणातच आखतो.

काही वर्षांपूर्वी अशाच एका सहलीत प्रस्तुत लेखक सहभागी होता. घोडेगाव, डिंभे मार्गे आम्ही भीमाशंकरकडे निघालो. वर पोहोचेपर्यंत धुके इतके दाटले की दहा पावलांवरील वृक्ष ओळखता येईना. पानांवरून पाणी निथळत होते, वह्या भिजल्या, छायाचित्रे निरुपयोगी ठरली. एक ज्येष्ठ सहकारी शेवाळलेल्या पायरीवरून घसरले आणि मनगट मोडून घेऊन परतले. घरी आल्यावर चौघांना ज्वर व अतिसार झाला. वर्षाऋतूत अग्नी मंद असतो, वात प्रकुपित होतो, जल अम्लविपाकी होते, हे रुग्णांना नित्य सांगणारे आम्हीच भिजलेल्या अंगाने वाटेत भजी खात होतो! दोष कोणा एकाचा नव्हता. ऋतू निवडताना आम्ही सर्वांनीच शास्त्र घरी ठेवले होते.

वाग्भटांनी वर्षाऋतूत पायी हिंडणे, श्रम, नदीचे पाणी आणि दिवसा झोप वर्ज्य सांगितली आहे. बलाचा विचार केला तर वर्षा व ग्रीष्म हे अल्पबलाचे, शरद व वसंत मध्यम बलाचे, हेमंत व शिशिर उत्तम बलाचे ऋतू होत. चढउताराचा प्रवास हा व्यायामच आहे. तेव्हा तो बलवान ऋतूत करावा, हा निष्कर्ष सरळ आहे.

प्रश्न केवळ प्रकृतीचाही नाही. ३० जुलै २०१४ रोजी सकाळी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला आणि दीडशेहून अधिक माणसे गाडली गेली. श्रावण नुकताच लागला होता. भीमाशंकरच्या यात्रेकरूंची वाट त्याच खोऱ्यातून जाते. माळशेज घाटात पावसाळ्यात दरडी कोसळण्याचे प्रकार वारंवार घडतात. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळ पुण्याचे एक कुटुंब प्रवाहात वाहून गेले आणि त्यानंतर जिल्हा प्रशासनाला पावसाळी पर्यटनस्थळांवर निर्बंध घालावे लागले. १५ जून २०२५ रोजी मावळातील कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना पूल पर्यटकांसह कोसळला. इतके होऊनही 'पावसातच सह्याद्री पाहावा' हा आग्रह सुटत नाही. वैद्याचा शब्द आजही घराघरांत मानला जातो. तो शब्द येथे खर्ची पडला पाहिजे.

मग कोणता काळ योग्य? येथे दोन गोष्टींचा विवेक करावा लागतो. पहिली गोष्ट म्हणजे, मासांच्या नावांवर विसंबू नये. स्वस्थवृत्तात श्रावण-भाद्रपद हा वर्षाऋतू धरतात. परंतु सह्याद्रीत आषाढातच मुसळधार पाऊस असतो. म्हणूनच शोधनाच्या विचारात आचार्यांनी प्रावृट् ऋतू वेगळा मानला. अलीकडे तर ऋतुव्यापत्ती डोळ्यांनी दिसते. २०२५ साली मोसमी पाऊस मे महिन्याच्या अखेरीसच महाराष्ट्रात दाखल झाला, म्हणजे पंचांगात ज्येष्ठही लागला नव्हता. तेव्हा ऋतू लक्षणांवरून ओळखावा.

दुसरी गोष्ट देशाची. जुन्नर व आंबेगाव या दोन तालुक्यांत आनूप, साधारण व जांगल हे तिन्ही देश काही तासांच्या अंतरात भेटतात. भीमाशंकर, आहुपे, नाणेघाट हा पश्चिमेचा कडा अतिवृष्टीचा. जुन्नर, ओतूर, नारायणगाव, मंचर ही कुकडी, मीना व घोड नद्यांची खोरी मध्यम पावसाची. पूर्वेस बेल्हे व आणे पठाराकडे जावे तर पाऊस अगदी तुटपुंजा. म्हणून 'जुन्नरला कधी जावे' या प्रश्नास एकच उत्तर नाही. भर श्रावणात जायचेच असेल, तर ओझर व लेण्याद्रीचे दर्शन घेऊन पूर्वेकडील गावे पाहावीत, घाटमाथा टाळावा.

माझ्या मते सर्वसामान्य स्वस्थ व्यक्तीसाठी कार्तिकाच्या उत्तरार्धापासून माघाच्या मध्यापर्यंतचा काळ श्रेष्ठ होय. आकाश निरभ्र, अग्नी प्रदीप्त, देह बलवान आणि वाटा कोरड्या असतात. शिवनेरी, लेण्याद्रीच्या पायऱ्या, नाणेघाटातील सातवाहनकालीन शिलालेख, हे सर्व या काळात निवांतपणे पाहता येते. आश्विनातील ऊन मात्र फसवे असते. पाऊस थांबला म्हणून लोक बाहेर पडतात, पण तेव्हा पित्तप्रकोपाचा काळ असतो व शरदात आतप वर्ज्य सांगितला आहे. पित्तप्रकृतीच्या, शिरःशूल वा अम्लपित्त असलेल्या रुग्णांनी दुपारी गडावर चढू नये. तमकश्वासाच्या रुग्णांना हेमंतातील भीमाशंकरची धुक्याची पहाट मानवत नाही; त्यांनी ऊन वर आल्यावर निघावे. संधिवाताच्या व वृद्ध रुग्णांना थंडीत अभ्यंग व उष्ण वस्त्रांशिवाय पाठवू नये. जुन्नर परिसरात ऊसतोडणीच्या दिवसांत बिबट्यांचा वावर उसाबाहेर वाढतो, म्हणून पहाटे व सायंकाळी शेतवाटांनी एकट्याने हिंडू नये, हेही आवर्जून सांगावे.

यावर एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे. भुईआवळी, पुनर्नवा, कळलावी यांसारख्या वनस्पती पावसातच उगवतात किंवा फुलतात. हेमंतात जाऊन विद्यार्थ्यांना काय वाळलेले गवत दाखवायचे? आक्षेप मान्य आहे. परंतु आचार्यांनी याचेही उत्तर देऊन ठेवले आहे. चरकांच्या कल्पस्थानात कोवळी पाने वर्षा व वसंतात, मुळे ग्रीष्मात अथवा शिशिरात, साल, कंद व क्षीर शरदात, सार हेमंतात आणि फुले-फळे आपापल्या काळी घ्यावीत असे सांगितले आहे. याचा अर्थच असा की, वनौषधींचे दर्शन एका सहलीत उरकण्यासारखे नाही. कुड्याची साल अथवा मुसळीचा कंद श्रावणात पाहून वीर्यवान द्रव्याची पारख कशी होणार?

औषधी दुकानदार व निर्माते बंधूंनी याचा विशेष विचार करावा. या दोन तालुक्यांच्या पश्चिम पट्ट्यात हिरड्याचे वृक्ष विपुल आहेत आणि तेथील आदिवासी कुटुंबांच्या संसारास बाळहिरड्याचा मोठा आधार असतो. कोवळी फळे उन्हाळ्यात, पावसापूर्वी गोळा करून वाळवली जातात. ३ जून २०२० रोजीच्या निसर्ग चक्रीवादळाने या भागातील हिरड्याची अपरिमित हानी केली. आपण त्रिफळा व हरीतकीचूर्ण वर्षभर विकतो. पण हिरडा कोण वेचतो, कसा वाळवतो, वळिवात भिजलेला माल कसा काळवंडतो व बुरशी धरतो, हे आपल्यापैकी किती जणांनी प्रत्यक्ष पाहिले आहे? ते पाहण्याचा काळ श्रावण नव्हे. चैत्र-वैशाखातील सकाळ होय. ऊन तापण्यापूर्वी जावे, दुपारी सावलीस परतावे.

म्हणून संघटनेच्या कार्यकारिणीपुढे माझी विनम्र सूचना आहे. एका मोठ्या सहलीऐवजी वर्षात तीन लहान सहली कराव्यात. पहिली भाद्रपदाच्या अखेरीस, पाऊस ओसरल्यावर, मधल्या खोऱ्यात, उगवलेल्या वनस्पतींच्या ओळखीसाठी. दुसरी मार्गशीर्षात भीमाशंकरला, वृक्ष, साल व कंद यांच्या अभ्यासासाठी. तिसरी चैत्राच्या अखेरीस, हिरडा वेचणाऱ्यांच्या गावी. भीमाशंकर हे १९८५ पासून अभयारण्य आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तेथून वनस्पती उपटून आणणे गुन्हा ठरतो. तेव्हा वनखात्याची रीतसर परवानगी घ्यावी, स्थानिक जाणकारांना मार्गदर्शक म्हणून योग्य मानधन द्यावे आणि पिशवीऐवजी वही घेऊन जावे.

यातून स्थानिकांचेही हित साधेल. जुन्नर तालुक्यास शासनाने २०१८ साली विशेष पर्यटन तालुका म्हणून घोषित केले. परंतु गर्दी पावसाळ्यातील ठरावीक शनिवार-रविवारीच लोटते. तीच माणसे वर्षभर विभागून आली, तर खानावळवाल्यास, वाहनचालकास, वाटाड्यास बारमाही काम मिळेल आणि वाटांवरचा भारही कमी होईल.

आपण रुग्णास पथ्य सांगतो तेव्हा ते पाळता येईल असे सांगतो. 'पावसात जाऊ नका' एवढेच म्हटले तर कोणी ऐकणार नाही. 'मार्गशीर्षात जा, अमुक वाटेने जा, हे खा, हे टाळा' असे सांगितले तर ऐकतील. येत्या वार्षिक सभेत तीन सहलींच्या सूचनेवर चर्चा व्हावी. ज्या वैद्यबंधू-भगिनींचे मत भिन्न असेल त्यांनी ते या अंकाच्या संपादकांकडे अवश्य कळवावे. अनुभवान्ती सूचनेत दुरुस्ती करण्यास मी सिद्ध आहे. तोवर यंदाच्या श्रावणात भीमाशंकरविषयी विचारणा करणाऱ्या प्रत्येक रुग्णास आपण निदान एक प्रतिप्रश्न करावा : 'थोडे थांबून मार्गशीर्षात गेलात तर चालेल का?'