बिंदू चौकातील सभा आणि पहाटेचा झाडू

कोल्हापूरच्या बिंदू चौकात सभा संपते, घोषणा विरतात आणि मागे उरतात चहाचे कागदी पेले, पाण्याच्या बाटल्या, तुडविलेली पत्रके, हारांतून गळलेली फुले. सभा कोणत्या पक्षाची होती हे त्या कचऱ्यावरून सांगता येत नाही. पहाटे महापालिकेचे सफाई कामगार येतात आणि रात्री समतेवर झालेल्या व्याख्यानांचा हा अवशेष उचलून नेतात. भाई माधवराव बागल यांच्या पुढाकाराने १९५० साली, म्हणजे बाबासाहेबांच्या हयातीतच, फुले-आंबेडकरांचे पुतळे ज्या चौकात उभे राहिले, तेथे हे घडते. इतरांचे इतरांपाशी, प्रश्न आहे तो स्वतःस समाजवादी म्हणविणाऱ्यांचा.

हा विषय निघाला की एक ठराविक उत्तर तयार असते. कागदी पेल्यांचे काय घेऊन बसलात? जयंती नाल्यातून शहराचे सांडपाणी वर्षानुवर्षे पंचगंगेत मिसळत आले. नदीच्या खालच्या अंगास इचलकरंजीत २०१२ साली काविळीच्या साथीत माणसे दगावली. कारखानदारांना आणि सत्ताधाऱ्यांना मोकळे सोडून सामान्य माणसाला शिस्तीचे धडे देणे हा प्रस्थापितांचा कावा आहे! या उत्तरात तथ्य आहे. २ ऑक्टोबर २०१४ पासून छायाचित्रापुरता झाडू हाती धरणाऱ्या मान्यवरांची जी रीघ लागली, तिचे ढोंग उघडे पाडलेच पाहिजे. परंतु नाल्यासाठी मोर्चा काढणे आणि सभेनंतर चौक झाडणे यांत विरोध तो कोणता? लाभ आपला आणि घाण सर्वांची, हा कारखानदाराचा न्याय आहे. पेला भिरकावून घरी जाणारा मोर्चेकरी त्याच न्यायाने वागतो. फरक असलाच तर प्रमाणाचा.

खरे दुखणे निराळेच आहे. टाकण्याची लाज वाटत नाही, उचलण्याची वाटते. ही लाज आळसातून आलेली नाही, ती जातीतून आलेली आहे. घाण करणे हा सर्वांचा हक्क आणि ती काढणे हे काहींचे जन्मजात कर्तव्य, ही वाटणी हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेवर बंदी घालणारा २०१३ चा कायदा होऊनही मनातून गेलेली नाही. गटारात उतरून गुदमरणारे कामगार कोणत्या वस्तीतून येतात हे काय सांगावयास हवे?

कोकणच्या अप्पासाहेब पटवर्धनांनी हे मर्म फार पूर्वी ओळखले होते. रत्नागिरीच्या तुरुंगात मैलासफाईचे, त्या काळच्या भाषेत भंगीकाम, त्यांनी स्वतःहून मागितले. सवर्ण कैद्यास ते देण्यास सरकार तयार होईना, तेव्हा १९३२ साली त्यांनी अन्नत्याग आरंभिला आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी येरवड्यात गांधीजींनीही उपोषण सुरू केले. कारागृहांच्या नियमावल्यांतील जातिनिहाय कामवाटप घटनाबाह्य ठरविणारा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय आला तो ऑक्टोबर २०२४ मध्ये, जवळजवळ ९२ वर्षांनी! तुरुंगात जे काम मिळावे म्हणून एक सत्याग्रही प्राण पणाला लावतो, त्याचा अगदी सौम्य अंश भर चौकात, कोणाची बंदी नसताना, कार्यकर्त्यांना जड व्हावा? याच नगरीत शाहू महाराज गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात जाऊन चहा घेत. पेला कोणाच्या हातून घ्यावा हा तेव्हाचा प्रश्न होता; रिकामा पेला कोणाच्या माथी मारावा, हा आजचा आहे.

कामगार चळवळीतील काही मित्र अशी शंका काढतात की, कार्यकर्तेच झाडू लागले तर सफाई कामगारांच्या पोटावर पाय येईल. ही शंका प्रामाणिक असली तरी भाबडी आहे. शहरभर काम पडलेले असताना एका सभेच्या पत्रावळींवर कोणाची नोकरी टिकून नाही. नोकरी खाते ती ठेकेदारी. तिच्याविरुद्ध लढावयाचे तर ज्याच्यासाठी लढावयाचे त्याच्यापुढे उष्टे टाकून जाता येत नाही.

तेव्हा शाखांनी साधा निर्णय करावा. चहा स्टीलच्या पेल्यांतून द्यावा आणि ते पेले व्यासपीठावरील मंडळींसह ज्याने त्याने विसळावेत. मंडप सोडणाऱ्या तुकडीनेच चौक झाडून द्यावा. सफाई कामगारांना कायम करा, हातमोजे-गमबूट द्या, किमान वेतन थकवू नका, असा ठराव पुढील सभेत येईल. त्याचे सूचक आणि अनुमोदक कोण हे ठरविताना, त्या रात्री सर्वांत शेवटी चौक सोडण्याची जबाबदारीही त्यांच्याच नावे लिहून ठेवावी.