एक जिल्हा, दोन महाराष्ट्र केसरी

महाराष्ट्र केसरी १९६१ पासूनची स्पर्धा. पण २०२५ साली एकट्या अहिल्यानगर जिल्ह्यात दोन केसरी झाले. फेब्रुवारीत नगरला पृथ्वीराज मोहोळ, मार्चअखेर कर्जतला वेताळ शेळके. मल्लांचा दोष नाही, भांडण संघटनांचं. नगरला पंचांच्या निर्णयावरून राडा झाला, दोन मल्लांवर तीन वर्षांची बंदी जाहीर झाली. पैलवानाची उमेदीची वर्षं ती किती? त्याच्या दूध-तूप-बदामापायी घरची म्हैस, कधी रानही जातं. एका विहिरीवर दोन मोटारी बसल्या की पाणी कुणालाच पुरत नाही. जत्रेच्या फडाला वर्गणी आपलीच असते. तेव्हा ग्रामसभांनीच ठराव करून कळवावं : आधी एक संघटना, मग गदा.