चषकाला पालवणकर बाळूंचं नाव द्या की

मंडळी, थंडी पडली की आपल्या तालुक्यात टेनिस बॉलच्या स्पर्धा सुरू. चषकावर नाव बहुतेक वेळा पैसे देणाऱ्याचं. ठीक आहे, खर्च असतो. पण पालवणकर बाळू किती पोरांना माहीत आहेत?

पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात रोलर फिरवायचे, महिना 4 रुपये. साहेबांना नेटमध्ये बॉल टाकता टाकता देशातला पहिल्या दर्जाचा डावखुरा फिरकीपटू झाला हा माणूस. साहेबाला हरवायचं म्हणून हिंदूंच्या टीमने घेतलं. पण जात चर्मकार, म्हणून चहा पॅव्हेलियनबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात! 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात 114 विकेट काढल्या. कप्तानपद? कधीच नाही. ते 1923 साली धाकट्या भावाला, विठ्ठलना मिळालं.

1937 ला मुंबईत ते काँग्रेसतर्फे आपल्या आंबडव्याच्या बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले नि हरले. त्या एका निवडणुकीपायी त्यांना बाजूला टाकायचं, हे मला पटत नाही. यंदा एखाद्या मंडळाने चषकाला त्यांचं नाव द्यावं. आणि खेळाडूंची पंगत एकच ठेवा. ती सगळीकडे एकच असते असं समजू नका.